माझ्या देहाच्या दोन पात्या

बायांनो, हे मी उजव्या हातानं लिहिते आहे. डावा शेजारी बसून कागद दाबून धरतो. तेवढंच काम त्याला जमतं, आणि तेवढ्यावर तो खूश असतो.

ज्या कुणाचं अर्धं अंग एकाएकी गेलं असेल, किंवा ज्यांच्या घरात कुणी खाटेवर पडून छताकडे बघत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मला शाळा नाही. मोडी येत नाही. बाळबोध अक्षरं इस्पितळात पडल्या पडल्या एकेक करून ओळखीची करून घेतली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाला हसू नका. मी बोलते तशी लिहिते. मध्येच हिंदी येईल, माळवी येईल. आम्ही धार-देवासची माणसं, आमच्या तोंडात तिन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात. त्यानंच एकदा माझा मोठा घोटाळा केला, तेही सांगणार आहे.

आमच्या गावचे दोन राजे

माझं माहेर धार, सासर देवास. देवासला तेव्हा दोन महाराज होते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. गाव एक, माताजीची टेकडी एक, आणि राज्यं दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकांचा अंमल, त्या कडेला दुसऱ्यांचा.

आम्ही जीनगर. मराठ्यांच्या फौजेबरोबर आमची माणसं इकडं आली ती खोगीरं शिवत शिवत. यमूचे वडील दोन्ही पात्यांच्या घोड्यांची खोगीरं शिवायचे, आणि मी आत लोकर भरून टाके घालायची. यमू म्हणजे आमची एकुलती एक लेक. तिचे वडील फार गमत्ये. "थोरल्या पातीचा घोडा लाथ मारतो, धाकट्या पातीचा चावतो. मला दोन्हीकडून मान आहे बघ," असं म्हणायचे. जेवायला बसले की भाकरीचे दोन तुकडे करून विचारायचे, "यमू, थोरली पाती खातेस की धाकटी?" यमू दोन्ही खायची. सासूबाईंना ही थट्टा मुळीच आवडत नसे. "राजांवरून काय विनोद करतोस रे," म्हणून डोळे वटारायच्या.

पाणपोईपाशी

चैत्रातली सकाळ होती. तयार झालेलं खोगीर पोचवायला आम्ही निघालो. खोगीर यांच्या डोक्यावर, माझ्या हातात वाद्यांची, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांची, गुंडाळी, आणि यमू माझ्या बोटाला. टेकडीच्या पायथ्याशी पाणपोई आहे. तिथं समोरून एक माणूस येत होता. हातात जाड दांडकं. आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यानं आम्हांला पाहिलं नव्हतं. वाट अरुंद, म्हणून यमूचे वडील बाजूला झाले आणि म्हणाले, "निकल जाओ भिया."

त्यांचं शेवटचं बोलणं ते. भिया. म्हणजे भाऊ.

त्यानं दांडकं उगारलं आणि यांच्या डोक्यात घातलं. खोगीर पडलं, हे त्याच्यावर पडले. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. मग एक माझ्या डोक्यात, उजव्या बाजूला. यमूला त्यानं हात लावला नाही. दांडकं पाणपोईच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलं, ओंजळ पुढं केली आणि पाणी मागितलं. पाणी देणाऱ्या म्हातारीनं घाबरून ओतलंही. लोक धावले. कुणीतरी त्याची मान धरून विचारलं, "क्यूं मारा रे? क्यूं मारा?"

तो तोंड पुसत म्हणाला, "कंई नी."

माळवीत कंई नी म्हणजे काही नाही. मी मातीत पडलेली होते आणि हे दोन शब्द माझ्या कानांत गेले. त्यानंतर सगळं पांढरं झालं.

तो कोण, कुठला, पुढं त्याचं काय झालं, हे लोकांनी मला पुष्कळ सांगितलं, आणि प्रत्येकानं वेगळं सांगितलं. वेडा होता म्हणाले. दोन्ही पात्यांतला नव्हता, एवढं सगळ्यांचं एकमत. वैर नाही, चोरी नाही, भांडण नाही. माझा संसार गेला तो कंई नी पायी.

एक पाती झोपली

शुद्धीवर आले तेव्हा यांचं सगळं उरकलं होतं. बांगड्या कुणी फोडल्या तेही मला कळलं नाही. उजव्या हाताला ओरखडे होते, डाव्या हाताला नव्हते. डाव्या हाताला कळेचना की तो माझा आहे. तो अंथरुणावर पडलेला दिसायचा, शेजारणीचा हात विसरून राहिल्यासारखा. पायाचं तेच. तोंडही एका अंगाला वाकडं झालेलं.

मला त्या गुंगीत यांचा आवाज ऐकू यायचा. "थोरली पाती जागी आहे गं. धाकटी झोपली." आणि मी हसायची. वाकड्या तोंडानं हसणारी विधवा बघून घरातल्या बाया उठून जायच्या.

वैद्यानं तेलं दिली, लेप दिले. गुण येईना. सासूबाई कोपऱ्यात बसून असायच्या. मुलगा गेलेली आई ती, तिच्याकडून मी गोड शब्दाची अपेक्षा का करावी? एकदा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "मागल्या जन्मी काहीतरी केलं असशील. त्याची ही शिक्षा. तुझ्यापायी माझ्या लेकाला भोगावी लागली."

तो शब्द माझ्यात रुतला. शिक्षा. आडवी पडून मी शोधत राहायची, काय केलं असेन? मांजर मारलं असेल? कुणाच्या पोराला ढकललं असेल? मागल्या जन्मातलं आठवणार कसं! कंई नी आणि शिक्षा, दोन शब्द, दोन्ही बाजूंनी मला दळत होते.

शेवटी धारेहून माझा दादा बैलगाडी घेऊन आला. धारला मिशनचं बायकांचं इस्पितळ होतं, तिथं नेतो म्हणाला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"तिला ने. पोर इथं राहील."

"असं काय करता? आईवाचून लहान पोर…"

"एका हातानं ही पोर कशी सांभाळणार? साधी वेणी तरी घालता येईल का हिला? ज्या दिवशी यमूची वेणी घालशील, त्या दिवशी घेऊन जा. मी आडवी येणार नाही."

यमूचे केस म्हणजे काळीभोर लाट. रोज सकाळी मीच वेणी घालायची. ती खांबामागं उभी होती, केस मोकळे, पाणपोईपासून तोंडातून शब्द नाही. गाडी हलली तशी मी उजवा हात वर केला. डावाही केला असं मला वाटलं. खाली बघितलं तर तो गाडीतल्या गवतात पडलेला.

सुईचा दिवस

इस्पितळ तलावाच्या बाजूला होतं. खिडकीतून पाणी दिसायचं, आणि सकाळी त्या पाण्यावर धुकं असायचं, की नुसत्या माझ्या डोळ्यांत असायचं, कोण जाणे. डॉक्टर मिससाहेब उंच, लाल चेहऱ्याची. तिची हिंदी पुस्तकातली. बाजारात कुणी बोलत नाही असे जड जड शब्द ती सांभाळून उचलायची आणि एकेक करून आपल्यापुढं मांडायची.

तिनं सुई काढली. उजव्या हाताला टोचली, मी ओरडले. डाव्या हाताला टोचली. मी वाट बघत राहिले. तिनं परत टोचली. रक्ताचा थेंब आला, आणि मला काही नाही. तेव्हा मला भीती म्हणजे काय ते कळलं. मार बसला तेव्हा भ्यायला वेळच नव्हता. इथं पलंगावर स्वच्छ चादरीवर बसून स्वतःचं रक्त बघत होते आणि ते परक्याचं होतं.

मिससाहेब म्हणाली, "सोया है. मरा नहीं है."

पुढं तिनं माझ्या डाव्या मुठीत कापडाचा बोळा दिला, तो दाबून दाखवला आणि हसून म्हणाली, "चेष्टा कीजिए, सखूबाई. प्रतिदिन चेष्टा कीजिए."

आता बायांनो, तुम्हीच सांगा. मराठीत चेष्टा म्हणजे काय? टिंगल! माझा नवरा गेलेला, हात गेलेला, लेक दूर, आणि ही बाई हसून सांगते आहे की रोज चेष्टा करा. मी बोळा फेकून दिला.

ती रागावली नाही. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "यीशु की शिक्षा सबके लिए है. आपके लिए भी."

म्हणजे सासूबाई म्हणत होत्या ते खरंच! सात समुद्र ओलांडून आलेली बाईदेखील तेच सांगते. शिक्षा सगळ्यांना आहे, मलाही आहे. फक्त देव बदलला. मी भिंतीकडे तोंड केलं.

झोपलेला हात काय बघतो

त्यानंतरचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. सगळ्यांची मिळून एक लांब दुपार आठवते. औषधाचा वास, बाहेर पोपटांचा गोंगाट, लापशीची वाटी, अंग पुसणाऱ्या बाया. वहिनी डबा आणायची आणि खाटेपासून दोन हात लांब ठेवायची. "वन्सं, इथलं काही खात नाही ना तुम्ही? घरी आल्यावर मला लोकांना तोंड द्यायचं आहे." मी नाही म्हणायची. लापशी खाल्लेली असायची. चांगली असायची हो, गूळ घालत.

मला एकच विचार यायचा. हात झोपला आहे म्हणते ही, मरा नाही म्हणते. मग झोपलेला हात स्वप्न बघत असेल का? आणि खरंच, डोळे मिटले की मला दिसायचं. माझा डावा हात खाटेवरून उठायचा, चादर सारायचा, खिडकीतून बाहेर जायचा. तलावावरून, इंदूरच्या रस्त्यानं, पळसांच्या मधून, थेट देवासला. टेकडीला वळसा घालून आमच्या दारात. यमू पायरीवर बसलेली असायची. हात तिच्या केसांत शिरायचा. पण एकटा हात वेणी कशी घालणार? तो केस कुरवाळून परत यायचा. मी जागी झाले की बोटांना खोबरेल तेलाचा वास येतो की काय म्हणून नाकापाशी न्यायची. उजव्या हातानं उचलून.

शेजारच्या खाटेवर अमझेऱ्याची धापूबाई होती. तिचा पाय सडत आला होता, पण जीभ अगदी ठणठणीत. मला रडताना बघून म्हणाली, "थारो हाथ, म्हारो पग. अपण दोई मिली ने एक पूरी लुगई हुई जावां." तुझा हात नाही, माझा पाय नाही, दोघी मिळून एक अख्खी बाई होऊ. मी हसले आणि हसता हसता जास्तच रडू लागले. तेव्हा ती लंगडत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली आणि म्हणाली, "कंई नी, बेन. कंई नी."

मी दचकून अंग चोरलं. तिला काय ठाऊक! पोर पडलं, खरचटलं, तर माळव्यातली प्रत्येक आई हेच म्हणते. काही नाही हं, काही नाही. मी स्वतः यमूला शंभरदा म्हटलं असेल. पण पाणपोईपासून तो शब्द माझ्यासाठी विटाळलेला होता. धापूबाई थोपटत राहिली आणि मी दात आवळून पडून राहिले.

सुंदराबाई

मिशनमध्ये पोथी वाचून दाखवणारी एक बाई होती, सुंदराबाई. नगरकडची, आपली मराठी. मी आले तेव्हा ती खेडोपाडी फिरत होती. ती परत आली आणि माझ्या उशाशी बसून म्हणाली, "काय सखूबाई, मिससाहेब सांगतात तुम्ही हात हलवायचं मनावर घेत नाही."

इतक्या दिवसांनी नीट मराठी कानांवर पडली आणि माझा बांध फुटला. "तुमच्या मिससाहेबांना सांगा, शिक्षा करायची तर एकदाच करा. वर रोज येऊन चेष्टा कशाला? नवरा मेला माझा. मी काय तमाशा आहे?"

सुंदराबाई बघतच राहिली. "काय म्हणाल्या त्या? अगदी तसंच सांगा."

मी मिससाहेबांची नक्कल करून सांगितलं. चेष्टा कीजिए. यीशु की शिक्षा सबके लिए है.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती! "अहो बाई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि शिक्षा म्हणजे शिकवण. येशूची शिकवण सगळ्यांसाठी आहे, एवढंच म्हणत होत्या हो त्या!"

"कुणी बोलतं का असं? आमच्याकडे सीख म्हणतात, कोशिश म्हणतात."

"बोलत नाही कुणी. पुस्तकात असतं. मी नगरहून आले तेव्हा माझंही तेच. मी भजन म्हटलं, तर एक गृहस्थ म्हणाले, आपका राग बहुत मीठा है. मी म्हटलं, राग आलेलाच नाही मला, आणि तुम्ही कोण गोड म्हणणारे!"

आम्ही दोघी हसलो. धापूबाईला काही कळलं नाही, तीही हसली. तोंडाची वाकडी बाजू दुखेपर्यंत मी हसले, आणि त्यात कुठंतरी कितीक दिवस छातीवर बसलेला दगड थोडा सरकला. निदान या खोलीत तरी मला कुणी शिक्षा करत नव्हतं.

पण हसू ओसरल्यावर मी विचारलं, "शिक्षा नाही ना? मग शिकवण? मला काहीतरी शिकवायचं म्हणून देवानं यमूच्या वडिलांना मारलं? तसलं शिकणं मला नको."

सुंदराबाईनं माझी चादर सारखी केली. तिचा नवरा आणि दोन मुलं दुष्काळात गेली होती, ते मला मागाहून कळलं. म्हणाली, "का ते मला ठाऊक नाही, सखूबाई. ठाऊक आहे असं सांगणारी माणसं भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढं जा. मला एक गोष्ट ठाऊक आहे, ती सांगते."

आणि तिनं येशूची गोष्ट सांगितली. पोथी मिटून, तोंडानं. बरं करत फिरणारा तो माणूस, कुणाचं वाईट न केलेला. त्याला धरलं, फटके मारले. न्याय करायला बसलेला अधिकारीसुद्धा लोकांना विचारतो, अरे पण यानं केलंय काय? आणि कुणी उत्तर देत नाही. नुसते ओरडतात, मारा, मारा.

मी तिला थांबवलं. "म्हणजे कंई नी?"

"काय?"

"यानं काय केलं विचारलं, तर उत्तर नाही. म्हणजे कंई नी पायी मारलं त्यालाही?"

सुंदराबाईनं माझ्याकडे पाहिलं. पाणपोईची हकीगत तिला दादानं सांगितली असावी. डोळे भरून आले तिचे. "हो," म्हणाली. "कंई नी पायीच."

मी डोळे मिटून घेतले. दुपार होती, पोपट ओरडत होते. त्या गुंगीत मला खाटेच्या पायथ्याशी कुणी बसलेलं वाटलं. गोरा नाही, दाढीबिढी काही मला दिसली नाही, तेज नाही. दमलेला माणूस जसा कडेला टेकतो तसा. त्यानं माझा डावा हात मांडीवर घेतला होता. मला वाटलं आता सांगेल का मारलं, पण तो सांगेना, आणि मला तेच बरं वाटलं. त्याच्या स्वतःच्या हातांना खिळ्यांची भोकं होती. त्यालाही आपल्या मुठी धड मिटता येत नव्हत्या.

बायांनो, लोक विचारतात तुला विश्वास कसा बसला. असा बसला. उत्तर मिळालं म्हणून नव्हे, सोबत मिळाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मिससाहेब आली. मी म्हटलं, "मेमसाब, बोळा द्या. चेष्टा करते."

वाद्यांची वेणी

करायचं काय, तर साधं काम. दादानं खोगिराच्या तीन जुन्या वाद्या आणून दिल्या. खाटेच्या दांडीला बांधल्या आणि मी त्यांची वेणी घालत बसायची. उजवी वादी मधे, डावी वादी मधे. डावी आली की सगळं थांबायचं. मुठीत वादी धरता यायची, पण योग्य वेळी सोडता यायची नाही, बोटं मिटलेलीच. उजव्या हातानं एकेक बोट उघडायचं. परत पहिल्यापासून. धापूबाई म्हणायची, "बेन, थारी घोड़ी रा बाल कद गूंथेगी?" तुझ्या घोडीचे केस कधी गुंफून होणार? तिचा पाय कापावा लागला शेवटी, पण ती चिडवायची थांबली नाही.

ज्यांच्यावर हे आलं आहे त्यांना एवढंच सांगते. हात हलत नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका. झोपलेल्या पोराला उठवतात तसं उठवा. आणि कुणी तुम्हांला शिक्षा झाली म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या भाषेत बोलता आहात?

बोटं थोडी उघडू लागली होती. पूर्ण नाही. पाय ओढत चालू लागले होते. मी सुंदराबाईला सांगितलं होतं की दिवाळीनंतर मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. ती म्हणाली, "आधी लेक हातात येऊ दे. मग सासरी सांगा. नाहीतर पोर गमवाल."

तिचं खरं होतं. पण ते माझ्यानं होणार नव्हतं.

कंगवा

पाऊस सरला, तलाव काठोकाठ भरला, आणि एका सकाळी दारात गाडी थांबली. सासूबाई उतरल्या. मागून यमू. बायांनो, माझ्या लेकीचे केस! जटा झाल्या होत्या नुसत्या. धुळीनं भरलेल्या, मानेपाशी गोळा झालेला.

सासूबाई ओट्यावर बसल्या. इथलं पाणी पिणार नाही म्हणून आपला तांब्या बरोबर आणला होता. म्हणाल्या, "कुणाला हात लावू देत नाही केसांना. ओरडते, चावते. बोलत नाही अजून. आता कापायलाच लागतील. म्हटलं, कापायच्या आधी एकदा दाखवावी तुला." आणि कंगवा काढून ओट्यावर ठेवला. मी समजले. देवासच्या उंबऱ्यातला शब्द त्यांनी तिथं ठेवला होता.

यमू माझ्यासमोर उभी. माझ्या तोंडाकडे बघत होती, वाकड्या राहिलेल्या बाजूकडे.

मी म्हटलं, "सासूबाई, आधी सांगते, मग तुम्ही ठरवा. मी येशूचं नाव घेतलं आहे. दिवाळीनंतर त्याचं पाणी घेणार."

त्या रागावतील, पोरीला उचलून निघतील, असं मला वाटलं. यमूला धरून ठेवायला माझ्याकडे धड दोन हातही नव्हते. त्या आपल्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या देवानं सांगितलं का, माझ्या लेकाला का मारलं ते?"

"नाही."

"मग काय उपयोगाचा?"

"त्यालाही तसंच मारलं हो. काही केलं नसताना."

तलावावरून वारा आला. सासूबाईंनी तांब्याचं तोंड पदरानं झाकलं. मग हळू आवाजात विचारलं, "आई होती का त्याला?"

"होती."

"तिला कुणी कळवलं?"

"कळवावं लागलं नाही. ती तिथंच उभी होती, समोर."

"उभी होती," त्या म्हणाल्या. "मला भाकरी थापताना सांगितलं. हाताला पीठ होतं. तशीच धावले." त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं, पीठ अजून आहे का बघावं तसं. त्या दिवसाबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

मी यमूला म्हटलं, "ये, बस." ती आली, पाठ करून माझ्या पायाशी बसली. मी कंगवा घेतला. तेल लावून, बोटांनी, एकेक गुंता. तिनं मान आखडली पण ओरडली नाही. ऊन ओट्यावरून सरकत गेलं. गुंता सुटला तसे मी तीन पेड केले. उजवा मधे. डावा मधे. बोटं उघडली! परत उजवा. परत डावा. आणि मग बोटं मिटली ती मिटलीच. पेड ओढला गेला, यमू कळवळली, मी उजव्या हातानं डाव्याची बोटं उघडायला गेले तशी सगळी वेणी सुटून तिच्या पाठीवर पसरली.

मी तशीच बसून राहिले. वर बघायची हिंमत नव्हती.

सासूबाई उठल्या. मला वाटलं निघाल्या. त्या माझ्या डाव्या अंगाला येऊन खाली बसल्या, माझ्या मुठीतून तो पेड सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

"थोरल्या पातीनं आपलं काम करावं," त्या म्हणाल्या. "धाकटीचं मी बघते."

त्यांच्या लेकाची थट्टा. त्यांना कधी आवडली नव्हती ती.

मी उजवा पेड टाकला. त्यांनी डावा टाकला. माझा एक, त्यांचा एक. कुठंतरी केस ओढला गेला आणि यमू रडू लागली. पाणपोईपासून तिच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो असा. "ओढतंय, आजी, ओढतंय!"

आणि सासूबाई तिच्या डोक्यावर गाल टेकून, सगळ्या माळव्यातल्या आया म्हणतात तसं म्हणाल्या, "कंई नी, पोरी. कंई नी."

माझा हात क्षणभर थांबला. मग मी पेड उचलला आणि आम्ही वेणी पुरी केली.